डावा पाय कुणाचा

काचवाल्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्यासारखी एक काच उचलून दाखवावी, मग तोंड उघडावं. दाराएवढी उंच काच, दोन्ही हातांनी कडा धरलेल्या, गाल जवळजवळ काचेला लागलेला, आणि पायाखाली काय आहे ते न बघता चालायचं. खाली बघितलं की काच कलते. म्हणजे सगळा भार हातांवर आणि सगळा भरवसा पायांवर. ह्या माणसानं उभा जन्म असं चालण्यात घालवला आणि हातावरचे ओरखडे सोडले तर कधी मोठी जखम करून घेतली नाही. खिडक्यांच्या काचा, आरसे, चित्रांच्या चौकटी, सगळं त्या एका लांबट दुकानात व्हायचं. दुकानामागे एक खोली, तिच्यात खाट आणि शेगडी. बायको जाऊन खूप वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला.

आणि एका सकाळी चहा गाळता गाळता त्यांची डावी बाजू गेली.

झटका आला तसा बराचसा ओसरलाही. हात परत आला. बोलणं परत आलं. तोंड जरासं वाकडं राहिलं, पण ते मुळातही फार सरळ नव्हतं असं काचवाले स्वतःच म्हणायचे. परत आलं नाही ते फक्त डावं पाऊल. मांडी हलायची, गुडघा वाकायचा, पण घोट्यापासून पुढचं सगळं ओल्या फडक्यासारखं लोंबायचं. चालताना बोटं जमिनीला घासायची आणि उंबऱ्याला अडकायची. ते दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा मुलगी समोर होती, आणि तिनं तिथल्या तिथे सांगून टाकलं, "बाबा, आता एकदा जरी पडलात तर दुकानाला कुलूप लागेल आणि तुम्ही माझ्याकडे राहायला याल." मुलगी प्रेमाची होती, पण बोलली की बोलली. बापावरच गेली होती.

मुलीच्या घरी पाचव्या मजल्यावर खिडकीत बसून लोकांनी बसवलेल्या काचा बघत मरायचं, ह्या विचारानंच काचवाल्यांचा जीव अर्धा व्हायचा. पाय हवा होता, आणि तोही भरवशाचा. बाकी काही मागणं नव्हतं.

तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वहिनी एक पिशवी घेऊन खाली आल्या. वर बँडमास्तर आणि त्या, असं दोघांचं घर. मास्तर पितळी वाद्यांचा बँड चालवायचे, सगळा जन्म रस्त्यातून तालात चालण्यात गेला, आणि काय नशीब बघा, त्यांचंही डावंच पाऊल असंच गेलं होतं. शेवटची काही वर्षं ते एका विजेच्या पट्ट्यावर चालले. नुकतेच ते गेले होते. वहिनींनी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या की ह्यांचा पट्टा आहे, कपाटात पडून राहण्यापेक्षा तुमच्या कामी आला तर बरं वाटेल.

काचवाल्यांनी पिशवी उघडली आणि परत मिटली. मेलेल्या माणसाचा कोट लोक घालतात, घड्याळ घालतात, पण मेलेल्या माणसाचं चालणं अंगावर घ्यायचं म्हणजे काय? पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि हा तर शेजारी होता, चांगला मित्र होता. त्यांनी पट्टा घेतला.

दवाखान्यातल्या थेरपिस्ट मुलीनं तो त्यांच्या डाव्या गुडघ्याखाली बांधला. आत दोन ओलसर गाद्या, बाहेर एक डबी. बुटात टाचेखाली एक चपटी चकती ठेवायची. टाच जमिनीवरून उचलली की चकती बिनतारेनं पट्ट्याला कळवते, पट्टा नसेला विजेचा हलका चिमटा देतो आणि पाऊल वर उचललं जातं. टाच टेकली की वीज बंद. मास्तरांची जुनी चकती कुठे आहे असं तिनं विचारलं. वहिनींनी दिलेल्या पिशवीत नव्हती. मग बुटांबरोबर गेली असेल, असं म्हणून तिनं नवी चकती आणली, पट्ट्याशी तिची ओळख करून दिली आणि म्हणाली, चला.

काचवाल्यांनी टाच उचलली. गुडघ्याखाली मुंग्या धावल्या आणि पाऊल उठलं. त्यांनी उठवलं नव्हतं, पण उठलं. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात ते पुन्हा पुन्हा चालले, आणि त्या वाकड्या तोंडानं ढसाढसा रडले. बसताना बंद करत जा, असं ती मुलगी मागून ओरडत होती. ऐकतो कोण!

दुकानात बसताना बंद, उठताना चालू, असली नाटकं त्यांना जमणारी नव्हतीच. काचेच्या कामात माणूस दर घटकेला उठतो. पट्टा सकाळी बांधला की चालू, आणि झोपताना सोडला की बंद. थोड्याच दिवसांत ते लहान काचा उचलायला लागले. त्यांची लेक आली, तिनं बघितलं, आणि दाराशी जाऊन डोळे पुसून आली.

मग ते सुरू झालं.

दुपारची वेळ. गल्लीतली दुकानं जेवणासाठी बंद, रस्ता सुनसान. काचवाले उंच स्टुलावर बसून आरशाची चौकट घासत होते, पाय स्टुलाखालच्या फळीवर. डाव्या गुडघ्याखाली मुंग्या आल्या आणि पाऊल वर उचललं गेलं. बुटाचा पुढचा भाग खाली आला, फळीवर टप्प वाजला. पुन्हा उचललं, पुन्हा टप्प. त्यांनी टाच हलवलीही नव्हती. ते पायाकडे बघत राहिले आणि पाय आपला चालत राहिला. बसल्या जागी, सावकाश. मग थांबला. जरा वेळानं पुन्हा निघाला.

पट्टा जुना आहे, काहीतरी ढिलं झालं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. तिसऱ्या दिवशीही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, फक्त दुपारी. आणि ह्या वेळी त्यांनी कान दिला तेव्हा त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. वर, त्यांच्या डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीवर कुणीतरी चालत होतं. वहिनी घरात अनवाणी वावरायच्या, चिमणीएवढं वजन, त्यांचा आवाज खाली कधी आला नव्हता. हे चालणं बुटांचं होतं. जड बूट, संथ पावलं, खोलीच्या टोकाशी जाऊन क्षणभर थांबणं आणि वळणं. काचवाल्यांनी ते थांबणं शंभरदा ऐकलं होतं. मास्तर तसेच थांबायचे, एक कडवं संपवून दुसरं धरण्याआधी बँड थांबतो तसे.

वर डावं पाऊल उचललं जायचं तेव्हा खाली काचवाल्यांचं डावं पाऊल उचललं जायचं. चूक नाही, उशीर नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण काचवाले भित्रे नव्हते हो. अंधारात एकटे काचेचे ढीग हलवलेला माणूस. तरी त्यांची बोबडी वळली. माणूस गेला, पण त्याचं चालणं पट्ट्यात राहिलं, आणि आता तो ते परत मागतोय, असं त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. बरं, सांगणार कुणाला? मुलीला सांगावं तर ती म्हणणार, बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. थेरपिस्टला सांगावं तर ती पट्टा काढून घेणार आणि पाय पुन्हा लोंबणार. दोन्ही वाटा त्या पाचव्या मजल्यावरच्या खिडकीत जात होत्या. त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

मग एका दुपारी गिऱ्हाइकाची घाई होती म्हणून त्यांनी कपाटाची काच उचलली आणि दाराकडे निघाले. मधेच उजवा पाय हवेत असताना, सगळा भार डाव्यावर असताना, डावं पाऊल आपण होऊन उठलं. काच सुटली. ते भिंतीला धरून कसेबसे उभे राहिले, आणि काच फरशीवर अशी फुटली की बाहेरचं कुत्रं भुंकत पळालं. त्यांनी सगळे तुकडे गोळा करून पोत्यात भरले आणि पोतं खाटेखाली सारलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. काच गेल्याचं दुःख नव्हतं. पाय परका झाला होता.

एकदा त्यांनी धीर करून वहिनींना जिन्यात गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की दुपारी कुणी येतं का वर. वहिनींचा चेहरा एकदम लाल झाला. कोण येणार आता, असं पुटपुटून त्या वर गेल्या आणि दार लावून घेतलं. काचवाल्यांना वाटलं, बाईंना माहीत आहे. बाईंच्या घरात जे चालतं ते बाईंना माहीत आहे आणि त्या त्याला सांभाळून आहेत. त्यानंतर दुपार झाली की ते काचेला हात लावीनासे झाले.

त्या दिवशी वर चालणं सुरू झालं, खाली पाय सुरू झाला, आणि मधेच वर काहीतरी धाडकन पडलं. तक्तपोशीतून धूळ खाली आली. मग शांतता. आणि एकाएकी पाय सुटला. ताल नाही, थांबणं नाही, नुसतं फडफडणं. टपटप, टप, टपटपटप. फळी वाजत राहिली. पोटरीत पेटका येईपर्यंत पाय नाचत राहिला. कुणीतरी दार ठोठवावं तसं कुणीतरी त्यांच्या हाडातून त्यांना ठोठवत होतं.

मास्तर बोलावतायत. दुसरा विचारच त्यांच्या मनात आला नाही. त्यांनी मुलीला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार होते, मेलेला माणूस पायात हाक मारतोय? पट्टा सोडावा, बाहेर जावं, बागेत बसावं, संध्याकाळी यावं, एवढं सोपं होतं. त्यांचा हात पट्ट्याकडे गेलासुद्धा. तेवढ्यात त्यांना आठवलं की वर वहिनी एकट्या आहेत. जे काही वर आहे, त्याच्याबरोबर एकट्या. स्वतःच्या भीतीची त्यांना अशी लाज वाटली की ते उठलेच.

जिन्याच्या पहिल्याच पायरीवर त्यांना कळलं की हा पाय घेऊन वर जाता येणार नाही. ते भार टाकायला जात, तेव्हा पाऊल उठे. ते उचलायला जात, तेव्हा पाऊल मेल्यासारखं पडे. एकदा ते मागेच गेले, कठडा हाती लागला म्हणून वाचले. शेवटी त्यांनी डबीचं बटण बंद केलं. पाय गप्प झाला. मग उजवा पाय वरच्या पायरीवर, एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं डाव्या मांडीची पँट मुठीत धरून पाय ओढायचा. बुटाचं टोक प्रत्येक पायरीला खरवडत वर येत होतं. घामानं सदरा भिजला. वरून आता काही आवाज नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

दार आतून बंद. दाराला वर काचेची तावदानं होती, त्यांनीच बसवलेली. आपल्या हातची काच फोडायला कारागिराचा हात धजत नाही, पण त्यांनी रुमाल मुठीला गुंडाळला, एक तावदान फोडलं, आत हात घालून कडी काढली आणि पाय ओढत आत गेले.

वहिनी खोलीच्या मधोमध आडव्या पडल्या होत्या. डोळे मिटलेले, चेहरा पांढराफटक, एक मांडी नको तशी वळलेली. पायांत मास्तरांचे काळे बूट. केवढाले बूट, आणि त्यात त्यांचे ते काटकुळे पाय. डावी टाच अजून हलकेच जमिनीवर आपटत होती.

"अहो," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "आलात? किती वेळ हाक मारतेय."

मी खालचा, असं म्हणायला काचवाल्यांनी तोंड उघडलं. पण त्या चेहऱ्यावर केवढं समाधान पसरलं होतं.

"आलो," ते म्हणाले.

वहिनींनी हात पुढे केला. काचवाल्यांनी तो धरला. मग फोनपाशी पोचायचं म्हणून त्यांनी डबी पुन्हा चालू केली, आणि त्यांचं डावं पाऊल उठलं. त्यांनी वहिनींच्या टाचेकडे बघितलं. टाच उठली, त्यांचं पाऊल उठलं. टाच टेकली, त्यांचं पाऊल पडलं. ते कितीतरी वेळ खुळ्यासारखे आळीपाळीनं दोन्ही पायांकडे बघत उभे राहिले. जुनी चकती कुठे आहे, ह्याचं उत्तर त्या बुटात होतं. अंगातली सगळी भीती एका झटक्यात गेली. मग त्यांनी डबी बंद केली आणि पाय ओढतच फोन गाठला.

वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, त्या बरेच दिवस दवाखान्यातच राहिल्या. काचवाले थेरपिस्टकडे गेले आणि तिला चांगलं फैलावर घेतलं. ती ओशाळली. एका पट्ट्याला दोन बुटांच्या दोन चकत्या चालतात, जुनी कुणाच्या पायात असेल असं वाटलंच नाही, म्हणाली. तिनं चुटकीसरशी पट्ट्यातून जुनी चकती पुसून टाकली. शिवाय बसल्या बसल्या पावलाला व्यायाम द्यायचा असेल तर डबीवरचं हे छोटं बटण दाबत जा, दाबलं की पाऊल उठेल, तेही दाखवलं. काचवाले म्हणाले, पाय माझ्या ताब्यात दिलास, आता व्यायाम मी करीन.

आणि खरोखर पाय त्यांचा झाला. दुपार होवो की काही होवो, ते म्हणतील तेव्हा उठायचा, म्हणतील तेव्हा टेकायचा. त्यांनी खाटेखालचं पोतं बाहेर टाकलं. एक दिवस दाराएवढी काच उचलून रस्त्यापर्यंत नेली. मुलीनं ते गल्लीच्या तोंडावरून बघितलं आणि दुकानाच्या कुलपाचा विषय कायमचा सोडला. जिवात जीव आला, आणि ते शीळ घालायला लागले.

वहिनी वॉकर घेऊन घरी आल्या, त्यानंतर काही दिवसांनी काचवाले नवं तावदान बसवायला वर गेले. खरं सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. तुमच्या टाचेनं माझा पाय नाचत होता, मी तुम्हाला भूत समजलो, असं म्हणून दोघांनी हसायचं, अशी त्यांची तयारी. पण बोलायला सुरुवात वहिनींनीच केली. कुणाला तरी सांगायचंच होतं त्यांना.

"हसू नका, भावजी. मी ह्यांचे बूट घालून चालायचे. नुसता आवाज यावा म्हणून. घर फार गप्प झालं होतं. आणि एक दिवस खालून उत्तर यायला लागलं. मी पाऊल टाकलं की खाली पाऊल वाजायचं. मी थांबले की तेही थांबायचं."

काचवाल्यांच्या हातातला, काच पक्की करायच्या लांबीचा गोळा तसाच राहिला. स्टुलाखालची फळी दुकानाच्या खांबाला ठोकलेली होती, आणि खांब ह्याच खोलीच्या भिंतीतून वर गेला होता.

"पडले तेव्हा ओरडायला आवाज फुटेना. म्हणून टाच आपटत राहिले. आणि आले ते. जिन्यावर पाय ओढत आलेले मी ऐकले, हात धरला त्यांनी माझा. तुम्ही त्यांच्या मागून आलात." वहिनी खिडकीकडे बघत होत्या. "आता घरी आल्यापासून चालते रोज. खालून काही येत नाही. रागावले असतील का हो?"

सांगून टाकायचं होतं ते सगळं काचवाल्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. चकती, पट्टा, फळी, खांब. चार शब्दांचं काम. त्यांनी लांबी तावदानाच्या कडेला लावली, बोटानं सारखी केली, पुन्हा सारखी केली.

"येतील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक आरसा पोचवायचा होता. त्यांनी तो उचलला, मग परत भिंतीला टेकवून ठेवला. नसती ब्याद गळ्यात घेतलीस, असं स्वतःला दोन-तीनदा बजावलं. आता रोज ह्या वेळी दुकान सोडता यायचं नाही, काच उचलता यायची नाही, आजारी पडता यायचं नाही. एवढा जीव टाकून परत मिळवलेला पाय आपण होऊन दुसऱ्याला द्यायचा, तोही जगात नसलेल्या माणसाला. ह्याला शहाणपण म्हणत नाहीत. असं सगळं बोलून ते स्टुलावर चढले, पाय फळीवर ठेवले आणि डबी हातात घेतली.

वर वॉकर ठक्क वाजला, मागोमाग एक पाऊल घासलं. त्यांनी बटण दाबलं. मुंग्या आल्या, पाऊल उठलं, फळीवर टप्प पडलं.

वर सगळं थांबलं. खूप वेळ थांबलं. मग हळूच, विचारल्यासारखं, आणखी एक पाऊल आलं. त्यांनी बटण दाबलं.

वर वहिनी बोलायला लागल्या. शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता. माणूस घरच्या माणसाशी बोलतो तसा, मधे उत्तरासाठी जागा सोडून. त्या रिकाम्या जागांमध्ये काय होतं देव जाणे, पण प्रत्येक जागेनंतर त्या समजल्यासारखं पुढे बोलत होत्या. एकदा त्या हसल्या. सगळं आपणच करतोय हे काचवाल्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी त्यांच्या हातावरचा केस न् केस उभा राहिला. मागे वळून बघायचा धीर त्यांना झाला नाही.

वर पुढचं पाऊल पडलं, आणि त्यांनी बटण दाबलं.